चित्रांतली मंडळी आणि चित्राखालचीं नांवें

आमच्या या सदराचे जे नित्याचे वाचक आहेत, त्यांस हें ठाऊकच आहे कीं, आमचें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, पुढचें सारें पाठशाळेंतलें. आणि गाण्याच्या बाबतींत आमची धांव कीर्तनापासून नाट्यपदांपर्यंत. त्यामुळें या महिन्यांत आम्ही अमेरिकेंतील जॅझ नांवाच्या संगीताकडे वळलों आहों हें पाहून कित्येकांच्या भुवया वर चढतील. त्यांनीं चिंता करूं नये. त्या संगीतांतलें आम्हांस कांहीं कळतें असा आमचा दावा नाहीं. आम्ही लिहिणार आहों तें त्या गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या छायाचित्रांविषयीं. आणि चित्र पाहावयास डोळे पुरतात.

प्रसंग असा घडला. आमच्या भाच्याचा मुलगा पुण्यास शिकतो. त्याला या संगीताचा भारी नाद. गणपतीच्या सुटींत तो आमच्याकडे आला तेव्हां गुंडाळी केलेलें एक मोठें चित्र घेऊन आला आणि तें माजघराच्या भिंतीवर लावूं द्या म्हणून आमच्या पाठीस लागला. "आजोबा, आधीं बघा तर खरें," असें म्हणून त्यानें तें जमिनीवर पसरलें व चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. एका जुन्या घराच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर व खालीं रस्त्याच्या कडेस दाटीनें उभी असलेली मंडळी. आणि पुढें ओळीनें बसलेलीं लहान मुलें. कोणी हसत आहे, कोणी शेजाऱ्याशीं बोलत आहे, कोणी भलतीकडेच पाहत आहे. आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतून डोकावून पाहिलें आणि शेरा दिला, "मुंजीच्या फोटोसारखेंच आहे कीं हें! धड एकाचें लक्ष फोटोवाल्याकडे असेल तर शपथ." हा शेरा किती नेमका होता, हें त्या चित्राची हकीकत ऐकल्यावर आमच्या ध्यानांत आलें.

ती हकीकत अशी. न्यूयॉर्क येथील 'एस्क्वायर' मासिकानें १९५८ सालीं जॅझ संगीतावर विशेष मजकूर काढावयाचें ठरविलें. आर्ट केन नांवाचा तेहेतीस वर्षांचा एक तरुण त्या वेळीं मासिकांच्या मांडणीचें व सजावटीचें काम करीत असे. छायाचित्रकार म्हणून त्याचें अद्याप नांव झालेलें नव्हतें. त्यानें सुचविलें कीं, शहरांत जितके नामवंत वादक व गायक असतील तितक्यांस एके ठिकाणीं बोलावून सर्वांचें मिळून एकच चित्र घ्यावें. स्थळ ठरलें तें हार्लेम, म्हणजे न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णी लोकांची प्रसिद्ध वस्ती. तेथील पूर्व १२६ व्या रस्त्यावरचें १७ क्रमांकाचें घर. दिवस १२ ऑगस्ट १९५८. वेळ सकाळीं दहाची. आतां ही मंडळी रात्र रात्र वाजविणारी. पहांटे निजावें आणि दुपारीं उठावें हा त्यांचा दिनक्रम. सकाळींसुद्धां दहा वाजतात हें आपणांस नव्यानेंच कळलें, अशी थट्टा त्यांच्यांत चालली होती म्हणतात. किती जण येतील याची केनला खात्री नव्हती. चित्रांत आले ते सत्तावन्न.

आले खरे, पण ऐकतो कोण? रोज वेगवेगळ्या ठिकाणीं वाजवून पोट भरणारे हे लोक. कित्येकांची गांठ महिनोन् महिने पडलेली नव्हती. एकमेकांस कडकडून भेटणें, जुन्या आठवणी काढणें, हंसणें-खिदळणें यांतच सारे गुंग. केन समोरच्या बाजूस उभा राहून ओरडत होता आणि इकडे कोणी हलावयास तयार नव्हता. ज्यानें शाळेंत तीस-एक वर्षें दहावीच्या वर्गाचे फोटो घेवविले आहेत, त्याला त्या तरुणाची दया आल्यावांचून राहणार नाहीं. काउंट बेसी हे मोठ्या ताफ्याचे प्रमुख. पण उभें राहून पाय दुखले तेव्हां ते खुशाल रस्त्याच्या कडेवर बसले, आणि त्यांच्या शेजारीं आळींतलीं मुलें एकामागून एक येऊन टेकलीं. थेलोनियस मंक या पियानोवादकानें सर्वांत उठून दिसावें म्हणून फिक्या रंगाचा कोट घातला होता, आणि मुद्दाम स्त्रियांच्या शेजारची जागा धरली होती. सत्तावन्नांत स्त्रिया तीनच : मेरी लू विल्यम्स, मॅरियन मॅकपार्टलंड आणि मॅक्झिन सुलिव्हन. अगदीं उजव्या टोकास डिझी गिलेस्पी. ते रॉय एल्ड्रिज यांस जीभ काढून वेडावीत आहेत, आणि एल्ड्रिज मान वळवून त्यांच्याकडे पाहत आहेत. दोघेही त्या वाद्यांतले थोर. एल्ड्रिज यांस ऐकत ऐकत गिलेस्पी लहानाचे मोठे झालेले. गुरुस्थानीं असलेल्या माणसास वेडावून दाखविण्याचें सुख किती मोठें असतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस विचारावें.

हें चित्र १९५९ च्या जानेवारी महिन्यांत छापून आलें. मार्च महिन्यांत लेस्टर यंग वारले. चित्रांत ते त्यांची ती प्रसिद्ध चपटी टोपी घालून उभे आहेत. केनच्या म्हणण्याप्रमाणें सारे सरळ रांगेंत, हात मांडीवर ठेवून उभे राहिले असते, तर तें चित्र एखाद्या संस्थेच्या वार्षिक अहवालांत शोभलें असतें, आणि आज कोणी त्याकडे ढुंकूनही पाहिलें नसतें. तें टिकलें, तें त्या दिवसाचा आनंद त्यांत जसाच्या तसा राहिला म्हणून.

एक गोष्ट मात्र आमच्या मनास चटका लावून गेली. विली स्मिथ नांवाचे एक वयोवृद्ध पियानोवादक त्या दिवशीं तेथें हजर होते. 'सिंह' या टोपणनांवानें ते ओळखले जात. उभें राहून थकले म्हणून ते शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन बसले. आणि नेमकें जें चित्र निवडलें गेलें तें त्याच वेळचें. दिवसभर ते तेथेंच होते; चित्रांत मात्र नाहींत.

आमच्या नातवानें (भाच्याचा मुलगा तो आमचा नातूच) डाव्या बाजूपासून एकेकावर बोट ठेवून सत्तावन्नही नांवें घडाघडा म्हणून दाखविलीं. आम्ही चकित झालों. मग सहज पुढच्या ओळीवर बोट ठेवून आम्हीं विचारलें, "आणि हीं मुलें कोण?" तो म्हणाला, "त्यांतला एक टॅफ्ट जॉर्डन म्हणून वादक आहेत त्यांचा मुलगा. बाकीचीं तिथलीं आसपासचीं, आजोबा." आणि तो पुढें बोलूं लागला. आम्हांस मात्र भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक आठवला. राम, सीता व लक्ष्मण आपल्याच पूर्वचरित्राचीं चित्रें पाहत आहेत. विवाहाच्या चित्रापाशीं लक्ष्मण एकेकीची ओळख करून देतो. ही आपण, ही मांडवी, ही श्रुतकीर्ति. ऊर्मिलेपाशीं मात्र थबकतो आणि तिला वगळून पुढें जातो. तेव्हां सीता हंसून विचारते कीं, बाळा, ही आणखी एक कोण? लक्ष्मण लाजतो व दुसऱ्या चित्राकडे लक्ष वेधतो. हा अंक आम्हीं मुलांस कितीदां तरी शिकविला. दरवेळीं सांगत आलों कीं, येथें मौज आहे ती लक्ष्मणाच्या लाजण्याची. चित्राखालचें नांव गाळलें जाण्यास लाजेहून वेगळींही कारणें असतात, हें त्या वेळीं आम्हांस सुचलें नव्हतें.

तें असो. नातवानें मग आपल्या संगणकावर आणखी पुष्कळ चित्रें दाखविलीं. त्यांतील दोन-तीन वाचकांसमोर ठेवतों.

विल्यम गॉटलीब (१९१७–२००६) हे 'वॉशिंग्टन पोस्ट' पत्रांत जॅझवर लेख लिहीत. लेखासोबत चित्र हवें. पण त्यासाठीं छायाचित्रकार पाठविण्याचा खर्च पत्र सोसावयास तयार होईना. तेव्हां त्यांनीं स्वतःच कॅमेरा मिळविला व शिकून घेतला. कॅमेरा अवजड, एकेका चित्रास नवी फिल्म आणि प्रकाशासाठीं नवा बल्ब. दोन्ही महाग. म्हणून एका बैठकींत ते तीन-चारांहून अधिक चित्रें घेत नसत. या काटकसरीचा फायदा असा झाला कीं, कळ दाबण्यापूर्वीं त्यांस नीट ऐकावें लागे. १९४७ सालीं त्यांनीं गायिका बिली हॉलिडे यांचें चित्र घेतलें : मान किंचित् मागें गेलेली, डोळे मिटत आलेले, आणि स्वर कंठांतून बाहेर पडण्याचा नेमका क्षण. संस्कृतांत 'छाया' या शब्दाचा अर्थ सावली असा आहे, तसा कांति असाही आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळीं खरे करणारें हें छायाचित्र. गॉटलीब यांनीं पुढें १९४८ सालीं हा नाद सोडला आणि शाळांसाठीं शैक्षणिक चित्रफिती तयार करण्याचा उद्योग केला, हें ऐकून आम्हांस त्यांच्याविषयीं अंमळ अधिकच आपलेपणा वाटला. त्यांचीं सोळाशेंहून अधिक चित्रें अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयानें १९९५ सालीं घेतलीं, आणि १६ फेब्रुवारी २०१० पासून तीं सर्वांस मोकळीं झालीं.

दुसरे हर्मन लिओनार्ड (१९२३–२०१०). १९४८ सालीं न्यूयॉर्कच्या 'रॉयल रूस्ट' या ठिकाणीं त्यांनीं डेक्स्टर गॉर्डन यांचें चित्र घेतलें. गॉर्डन बसले आहेत, मांडीवर सॅक्सोफोन आहे, हातांत सिगारेट. मागून पडलेल्या प्रकाशांत त्या धुराचे लोट उजळून निघाले आहेत. आम्ही धूम्रपानाचे कट्टे विरोधक. तरी त्या धुरास नांव ठेवावयास आमची जीभ रेटली नाहीं. पुढें लिओनार्ड न्यू ऑर्लिन्स शहरीं राहावयास गेले. २००५ सालीं तेथें 'कत्रिना' वादळाचा महापूर आला आणि त्यांच्या सुमारें आठ हजार छापील प्रती पाण्यांत गेल्या. मूळ काचा म्हणा, निगेटिव्ह म्हणा, त्या मात्र सुरक्षित जागीं हलविलेल्या होत्या, म्हणून वांचल्या.

तिसरे मिल्ट हिंटन (१९१०–२०००). हे स्वतः बास वाजविणारे, आणि हार्लेमच्या त्या सत्तावन्नांपैकीं एक. यांच्या खांद्यावर नेहमीं कॅमेरा असे. त्या दिवशीं त्यांनींही चित्रें घेतलीं आणि त्यांच्या पत्नीनें छोट्या कॅमेऱ्यानें चलच्चित्र घेतलें. तें पुढें जीन बाख यांनीं १९९४ सालीं केलेल्या माहितीपटांत आलें. पण हिंटन यांचीं आमच्या लक्षांत राहिलीं तीं वेगळीं चित्रें. कॅब कॅलोवे यांच्या ताफ्याबरोबर ते अमेरिकेच्या दक्षिण भागांत हिंडत. तेथें स्थानकावर गोऱ्यांची वाट वेगळी आणि काळ्यांची वेगळी, अशा पाट्या असत. हिंटन यांनीं आपल्या सोबत्यांस त्या पाट्यांखालीं उभें करून चित्रें घेतलीं. चांगले कोट, चकचकीत बूट, रात्रीं ज्यांच्या वाजविण्यावर लोक डोलणार असे हे कलावंत, आणि डोक्यावर ती पाटी. हीं चित्रें पाहून आमच्या वाचकांस आपल्याकडील पाणवठ्यांची आठवण होईल. आम्हांस झाली.

आतां एक अगदीं जुनें चित्र. न्यू ऑर्लिन्सचे बडी बोल्डन (१८७७–१९३१) यांस पुष्कळ जण या संगीताच्या आद्यपुरुषांत गणतात. त्यांच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं त्यांस वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलें, आणि चोवीस वर्षांनीं तेथेंच त्यांचा अंत झाला. मागें राहिलें तें एकच चित्र, सुमारें १९०५ सालचें. सहा जण आहेत. त्यांच्यापैकींच विली कॉर्निश यांनीं तें जपून ठेवलें, आणि १९३९ सालीं तें एका पुस्तकांत छापलें गेलें. मूळ प्रत पुढें हरवली. त्या चित्राची बाजू कोणती खरी, यावर जाणत्यांचा वाद आहे. एका बाजूनें छापावें तर गिटार व बास वाजविणारे दोघेही डावखुरे ठरतात. उलट बाजूनें छापावें तर क्लॅरिनेट धरणाऱ्यांचे हात उलटे पडतात. ज्या माणसाचा सूर कोणीं ऐकला नाहीं, त्याचा उजवा हात कोणता हेंही धड सांगतां येऊं नये! तथापि नांव राहिलें. साही जणांचीं राहिलीं.

हा सारा परक्यांचा प्रपंच, असें कोणी म्हणेल. तर तसेंही नाहीं. १९३५ सालीं लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णी वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत येऊन वाजवूं लागला. गोव्याचे किती तरी तरुण चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य वाद्यें शिकून मुंबईस आलेले होते. त्यांनीं हें नवें वळण उचललें. आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. 'चिक चॉकलेट' या नांवानें ते गाजले, आणि हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून लोक त्यांस ओळखीत. आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, यांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांतील ठेक्यांवर आमच्या वडील पिढीनें टाळ्या वाजविल्या. त्यामागें चिक चॉकलेट यांचाही हात होता. नरेश फर्नांडिस यांनीं २०१२ सालीं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या आपल्या पुस्तकांत हा सगळा इतिहास जुन्या छायाचित्रांसह मांडला. वाद्यमेळाची रचना करणाऱ्या कित्येक गोवेकर मंडळींचीं नांवें त्या काळीं पडद्यावर येतच नसत. गाणें घरोघर पोंचलें. करणारा बाहेर उभा राहिला.

येथवर लिहून आम्ही थांबणार होतों. पण नांवांची गोष्ट निघाली आहे, तर स्वतःच्या पदरची एक गोष्ट सांगितल्यावांचून सुटका नाहीं.

आमच्या शाळेंत दरवर्षीं दहावीच्या वर्गाचा फोटो निघत असे. त्या दिवशीं पहिल्या तासापासून बाकें व खुर्च्या मैदानांत आणून मांडण्याचें काम शाळेच्या शिपायाचें. आम्ही सारे त्यांस मामा म्हणत असूं. फोटोवाला सज्ज झाला कीं मुलें ओरडत, "मामा, तुम्ही पण या!" मग ते टोपी सारखी करून अगदीं कडेला उभे राहत. आमचें अक्षर बरें म्हणून चित्राखालीं नांवें लिहिण्याचें काम दरवर्षीं आमच्याकडे येई. उभे, डावीकडून, खुर्चीवर, डावीकडून, खालीं बसलेले, डावीकडून. साठ-साठ मुलांचीं नांवें आम्हीं वडिलांच्या आद्याक्षरासह लिहिलीं, एकाचाही ऱ्हस्वदीर्घ चुकूं दिला नाहीं. आणि ओळीच्या शेवटीं लिहीत आलों : 'व शिपाई'.

गेल्या वर्षीं एक तरुण मुलगी आमच्याकडे आली. मामांची नात. मामा वारून पुष्कळ दिवस झाले. तिच्या हातांत त्या फोटोंपैकीं एक होता. कोणा विद्यार्थ्याकडून मिळविलेला. "गुरुजी, आजोबांचा एवढाच फोटो आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "चौकट करायचीय. सालं कुठलं तें विचारायला आले." आम्हीं चष्मा लावून साल सांगितलें. तिनें वहींत लिहून घेतलें. तिची नजर मधूनच खालच्या त्या दोन शब्दांवर जात होती. बोलली मात्र कांहीं नाहीं. आम्हांसच राहवेना. आम्ही म्हणालों, "बाळ, हें नांव मी आतां नीट लिहून देतों." दौत काढली, टांक काढला, आणि हात थांबला. अठ्ठावीस वर्षें ज्यांनीं आमच्यासाठीं घंटा दिली, पावसांत आमची सायकल पडवींत आणून ठेवली, आमच्या आईच्या आजारपणांत रात्रीं डॉक्टरांस बोलावून आणलें, त्यांचें आडनांव आम्हांस आठवेना. खरें सांगावयाचें तर, आठवेना असें नव्हे; तें आम्हांस कधीं ठाऊकच नव्हतें. आम्हीं त्या मुलीस विचारलें, "मामांचें पूर्ण नांव काय, बाळ?" तिनें एकवार आमच्याकडे पाहिलें. मग शांतपणें नांव, वडिलांचें नांव, आडनांव सांगितलें, आणि आम्हीं तें लिहिलें. विद्यार्थ्यानें खालीं मान घालून गुरूकडून शुद्धलेखन घ्यावें तसें.

तें नांव आम्ही येथें देत नाहीं. तें जेथें असावयास हवें होतें तेथें आतां आहे. कारण पुढच्या आठवड्यांत आम्ही शाळेंत गेलों आणि परवानगी घेऊन भिंतीवरच्या चौकटी उतरविल्या. मामा अकरा चित्रांत निघाले. अकराही ठिकाणीं नवी पट्टी लिहून चिकटविली. त्याहून जुन्या चार चौकटींत मामांच्या आधींचे कोणी शिपाई उभे आहेत. हातांत कंदील आहे, डोळे थेट आपल्याकडे रोखलेले. आम्हीं गांवांतल्या सर्व वृद्धांस विचारलें. कोणासही सांगतां आलें नाहीं. त्या चार पट्ट्यांवर शेवटीं आम्हीं कोरी जागा ठेवली आहे.

वाचकांस आमची एवढीच विनंति. या दिवाळींत घर आवरतांना जुने आल्बम निघतीलच. घरांत जें सर्वांत वडील माणूस असेल त्यास उजेडांत बसवावें, एकेक चित्र हातांत द्यावें, आणि तें सांगेल तें मऊ पेन्सिलीनें पाठीमागें कडेला लिहावें. शाईनें लिहूं नये, ती पुढें उमटते. 'अमक्यांचें कुटुंब' असें न लिहितां त्या बाईचें स्वतःचें नांव लिहावें, माहेरचेंही लिहावें. मूल कडेवर घेतलेली दाई, मुंजींतला आचारी, मांडव घालणारा, यांसही विसरूं नये. सांगणारें माणूस आहे तोंवरच हें काम होतें. २०२४ च्या सप्टेंबरांत बेनी गोल्सन वारले, तेव्हां हार्लेमच्या त्या सत्तावन्नांपैकीं सॉनी रॉलिन्स हे एकटेच उरले.

नातवाचें चित्र शेवटीं माजघरांत लागलें. सौभाग्यवती येतां-जातां त्याकडे पाहतात. सत्तावन्न नांवांची यादी त्यानें त्याखालीं सुवाच्य अक्षरांत डकविली आहे. परवां त्यांनीं पुढच्या ओळींतल्या एका मुलाकडे बोट करून विचारलें, "हा कोण हो?" आम्ही कांहींच बोललों नाहीं.